आधी जिनिंग, मग प्रेसिंग

कापसाच्या हंगामात खामगावच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात उभं राहिलं, की दोन वेगळी कामं दिसतात. पहिल्या शेडमध्ये कापूस यंत्रावर पडतो, फिरणारे रूळ रुई ओढून घेतात आणि सरकी खाली टपटपते. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. दुसऱ्या शेडमध्ये ती फुगलेली, हवेवर उडू पाहणारी रुई प्रेसखाली दाबून तिची पट्ट्यांनी आवळलेली १७० किलोची गाठ बांधतात. तोंडाने आपण एका दमात 'जिनिंग-प्रेसिंग' म्हणतो. पण वेगळं करणं हे एक काम आणि दाबणं हे दुसरं. यंत्रं वेगळी, कारागीर वेगळे, आणि चूक झाली तर नुकसानही वेगळं.

दाबण्याचं महत्त्व या गावाला जुनंच ठाऊक आहे. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा १८७० मध्ये सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठी, आणि त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. मोकळी रुई भरली तर वाघिणीत वजन कमी आणि हवाच जास्त जाणार. गाठ बांधली की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त माल बसतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान. तिथे 'मेमरी कार्डमध्ये गाणे भरून मिळतील' अशी पाटी असते आणि काउंटरवर एखादी आजी नातवाला दटावत असते, "व्हिडिओ कायले पायजे? आवाज भरून दे नं बावा फक्त." दुकानातला पोरगा मान डोलावतो, "एमपीथ्री करून देतो." या एका वाक्यात त्याने जिनिंग आणि प्रेसिंग एकत्र केलेलं असतं. बहुतेक वेळा आजीचं त्याने काही बिघडत नाही. कधीकधी मात्र बिघडतं, आणि ते कळतं फार उशिरा.

आजीचं म्हणणं अगदी व्यवहाराचं आहे. पऱ्हाटीत वेचणी करताना किंवा सोयाबीन निंदताना फोन कमरेला असतो, डोळे हातातल्या कामावर. चित्र बघणार कोण? शेगावहून आषाढीला पंढरपूरकडे पायी निघालेल्या वारकऱ्याचंही तसंच. पडदा बंद ठेवला की बॅटरी टिकते, आणि जागेचा हिशेब तर विचारूच नका.

तो हिशेब एकदा मांडूनच बघू. गावात अखंड हरिनाम सप्ताह आहे, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आहे आणि कुणीतरी फोन स्टँडवर लावून दोन तास चित्रीकरण केलं आहे. फुल एचडी चित्रीकरणाला फोन सेकंदाला साधारण १७ मेगाबिट खर्च करतो. दोन तासांचे झाले सुमारे १५ जीबी. त्यात आवाजाचा वाटा किती? फोन आवाजाला सेकंदाला १२८ किलोबिट देत असेल, तर दोन तासांचे ११५ एमबी. म्हणजे शंभरात एक भागसुद्धा नाही. कापूस शेतकऱ्याला तिसरा हिस्सा रुई देतो. व्हिडिओतली रुई त्याहून कितीतरी थोडी, आणि कीर्तनाच्या बाबतीत खरा माल तोच.

आता जिनिंग कसं होतं ते बघू. एमपीफोर हा चित्राचा किंवा आवाजाचा प्रकार नाही, तो डबा आहे. आत चित्राची एक पट्टी आणि आवाजाची एक पट्टी असते. जेवणाच्या डब्यात भाजी एका कप्प्यात आणि पोळ्या दुसऱ्या कप्प्यात असतात, तशी मात्र ही मांडणी नसते. चित्राचे काही तुकडे, मग आवाजाचे काही तुकडे, मग पुन्हा चित्राचे, अशी सगळी फाइल शेवटपर्यंत गुंफलेली असते. तसं नसतं तर दाखवणाऱ्या यंत्राला ओठ आणि शब्द जुळवण्यासाठी फाइलभर उड्या माराव्या लागल्या असत्या. कोणता तुकडा कुठे आहे आणि तो कोणत्या क्षणाचा आहे, याची एक सूची डब्यात असते. आवाज काढणारं सॉफ्टवेअर ती सूची वाचतं, आवाजाचे तेवढे तुकडे क्रमाने उचलतं आणि नव्या, लहान डब्यात ठेवतं. त्या डब्याचं नाव बहुधा एमफोरए. ठेवताना तुकड्यांना हातही लावत नाही. म्हणून दोन तासांच्या कीर्तनाचा आवाज साध्या संगणकावरही मिनिटभरात निघतो, आणि तो मुळातल्या आवाजाशी बिट न् बिट जुळतो.

ही सूची बहुतेक फोन चित्रीकरण संपल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. गजर ऐन रंगात असताना बॅटरी संपली आणि फोन बंद पडला, तर पंधरा जीबीची फाइल तयार होऊनही उघडत नाही, ती यामुळेच. माल आत आहे, यादी नाही. ती फाइल लगेच पुसू नका. त्याच फोनवर केलेलं दुसरं धडधाकट चित्रीकरण नमुना म्हणून देऊन हरवलेली सूची पुन्हा बांधणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ती पुष्कळदा यशस्वी होतात.

डबा आणि माल यांतला फरक न कळल्यामुळे होणारी एक गंमतही इथेच सांगतो. फाइलच्या नावातलं 'एमपीफोर' खोडून तिथे 'एमपीथ्री' लिहिलं, की झालं रूपांतर, असं पुष्कळांना वाटतं. काही फोन ती फाइल वाजवतातही, कारण ते नावावर विश्वास न ठेवता आत डोकावून बघतात. आकार मात्र पंधरा जीबीचा पंधरा जीबीच राहतो. सरकीच्या पोत्यावर 'रुई' लिहून काय होणार?

आता प्रेसिंग. इथे कापसाची उपमा आपल्याला थोडं पुढे नेते आणि मग दगा देते. दगा देते ते बरंच होतं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

रुईची गाठ सोडली की रुई पुन्हा रुईच असते, एक तंतूही कमी झालेला नसतो. संगणकातही अशी दाबणी आहे. झिप फाइल तशी असते, आवाजासाठी फ्लॅक हा प्रकार तसा आहे. पण त्यात आवाज साधारण निम्म्यावर येतो, फार खाली जात नाही. सीडीवरचा न दाबलेला आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, डावा-उजवा असे दोन पदर. गुणाकार केला तर सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. ते १२८ वर आणायचे म्हणजे अकरावा हिस्सा ठेवायचा. नुसतं दाबून हे जमत नाही, काहीतरी टाकावंच लागतं. एमपीथ्री काय किंवा फोनमधला एएसी काय, दोन्ही टाकणारे प्रकार आहेत, आणि टाकलेलं परत मिळत नाही.

काय टाकायचं हे ठरवण्याची युक्ती कानाच्या दुबळेपणावर बांधलेली आहे. मृदंगावर जोराची थाप पडली, की त्याच सुमाराच्या स्वरातली एखादी बारीक कुजबूज आपल्याला त्या क्षणी ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकला जातो. थाप संपल्यावरही क्षणभर कान बधिर असतो. आणि नवलाची गोष्ट म्हणजे थापेच्या अगदी आधीचे काही सहस्रांश सेकंदही झाकले जातात, कारण मेंदूला ऐकायला थोडा वेळ लागतो आणि मोठा आवाज धावत येऊन लहानाला गाठतो. जे झाकलं गेलं ते जसंच्या तसं साठवण्यात अर्थ नाही, ते ओबडधोबड लिहिलं तरी चालतं. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर ४४,१०० मोजमापांच्या हिशेबात सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा तुकडा घेतं, त्यातले स्वर वेगळे करतं, कोणता स्वर कोणाला झाकतो ते ठरवतं आणि बिटांची वाटणी करतं. ऐकू येणाऱ्याला जास्त, झाकलेल्याला कमी किंवा शून्य.

जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९२ मध्ये प्रमाण ठरलं आणि १४ जुलै १९९५ ला फाइलच्या नावामागे 'एमपीथ्री' लावायचं निश्चित झालं. या शोधाची कसोटी लागली ती मोठ्या वाद्यवृंदावर नव्हे. सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं ब्रांडेनबुर्ग यांनी यंत्रातून काढून बघितलं आणि आवाज खराब निघाला. एकट्या माणसाच्या गळ्याला झाकायला भोवती काहीच नसतं, त्यामुळे लपवलेला कचरा उघडा पडतो. ते गाणं त्यांनी अक्षरशः शेकडो वेळा ऐकलं आणि सूत्रं सुधारली.

आपल्याकडच्या कीर्तनात या दोन्ही परीक्षा एकाच बैठकीत होतात. निरूपण चालू असतं तेव्हा एकटा गळा, मध्येच शांतता, दूर कुठे लेकराचं रडणं. आणि गजर सुरू झाला की टाळ.

टाळ हे या यंत्रांचं वैरी वाद्य आहे. पेटीचा किंवा वीणेचा सूर लांबट असतो, तो स्वरांत मांडणं सोपं. टाळ मात्र शांततेतून एकदम फुटतो आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या स्वरांत एकदम पसरतो. ओबडधोबड लिहिण्यामुळे जी खरखर तयार होते, ती घेतलेल्या अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे टाळ वाजण्याच्या आधीच्या भागावरही. आधीचे पाच-दहा सहस्रांश सेकंद कान माफ करतो, पंचवीस करत नाही. मग 'छन्' ऐवजी 'फ्स्-छन्' असं ऐकू येतं. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत याच दोषासाठी कॅस्टानेट या लाकडी टाळ्यांची परीक्षा घेतात. यावर इलाज आहे. असा क्षण ओळखून तुकडे आखूड करायचे, म्हणजे खरखर पसरायला जागा उरत नाही. पण आखूड तुकड्यांना बिट जास्त लागतात, आणि पन्नास टाळकरी एकदम वाजवत असतील तर असा क्षण दर क्षणाला येतो. बिट संपतात. कमी बिटांत दाबलेल्या गजरात टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे गुळगुळीत लागतात, ते यामुळे. खात्री करायची असेल तर एकाच गजराची ६४ आणि १९२ किलोबिटची एमपीथ्री करा आणि इअरफोन लावून पाठोपाठ ऐका. निरूपणाचा भाग मात्र दोन्हींत पोटापुरता समजतो.

आता मोबाइलच्या दुकानात परत जाऊ. फोनने चित्रीकरण करतानाच आवाज १२८ किलोबिटच्या एएसीत दाबलेला होता, एक छाटणी तेव्हाच झालेली आहे. पोराने तो उलगडला आणि पुन्हा १२८ च्या एमपीथ्रीत दाबला. आकार आधीही ११५ एमबी होता, आताही ११५ एमबीच आहे. पदरात पडलं काय? दुसरी छाटणी. तीही वेगळ्या कात्रीने. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं पुसट होतात, तसंच हे. मग कुणी ती फाइल एखाद्या ॲपमधून आणखी लहान करून पुढे पाठवतं आणि तिसरी छाटणी होते. म्हणून आधी नुसतं जिनिंग करून तो एमफोरए बाजूला जपून ठेवावा, आणि पुढचं काय दाबायचं ते दरवेळी त्याच्यातूनच दाबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एमपीथ्री करायचंच कशाला? कारण देवळातला ॲम्प्लिफायर. भोंग्याला जोडलेल्या त्या पेटीला पेनड्राइव्हची खाच असते आणि अशा बऱ्याच स्वस्त पेट्यांना एमपीथ्रीखेरीज फारसं काही वाचता येत नाही. जुन्या ट्रॅक्टरमधला टेप, बसस्थानकावर मिळणारा लहानसा स्पीकर, सगळ्यांची तीच गत. एएसी १९९७ मध्ये आला, तो कमी बिटांत जास्त चांगला. ओपस २०१२ मध्ये आला, तो त्याहून सरस, शिवाय कुणालाही फुकट वापरायला मोकळा. व्हॉट्सॲपवर आपण अंगठा दाबून बोलतो तो निरोप ओपसमध्येच जातो. एमपीथ्रीच्या पेटंटचे परवाने देणंही २०१७ मध्ये बंद झालं, मुदत सरली होती. तरी गावोगावच्या पेट्यांमुळे राज्य एमपीथ्रीचंच आहे. पेनड्राइव्हसाठी एमपीथ्री जरूर करा. टाळमृदंग असेल तर १६० ते १९२ किलोबिट ठेवा. नुसतं प्रवचन असेल तर दोन पदरांचा एक करून ६४ पुरे, दोन तासांचे ५८ एमबीच्या आत. स्टँडवरच्या फोनला डावं-उजवं असं फारसं वेगळं ऐकू आलेलं नसतंच.

साधनांचं फार कौतुक करायला नको. संगणकावर एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने ते २००० साली सुरू केलं आणि पुष्कळ रंगीबेरंगी ॲपच्या पोटात तेच चालतं. त्याला आवाज 'कॉपी' कर म्हणून सांगितलं की ते फक्त जिनिंग करतं. ज्यांना आज्ञा टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना व्हीएलसीमधला 'कन्व्हर्ट' हा पर्याय आहे. तिथे मूळ आवाजाची पट्टी तशीच ठेवण्याची एक लहानशी खूण असते, ती करायला विसरू नये.

एक मोह मात्र टाळा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बटणांच्या फोनवर काढलेली थ्रीजीपी चित्रीकरणं अजून घरोघरी आहेत. एखाद्या लग्नातलं, एखादं आजोबांचं बोलणं. त्यातला आवाज बहुधा एएमआर या प्रकारात, सेकंदाला फक्त ८,००० मोजमापांचा, जेमतेम १२ किलोबिटचा असतो. टेलिफोनवरच्या बोलण्याइतकाच. तो ३२० किलोबिटच्या एमपीथ्रीत घातला तर फाइल पंचवीसपट फुगते आणि आवाज तसाच राहतो. आजोबांचा घोगरेपणा तेव्हाच गेला, आता तो बिटांनी भरून येणार नाही. ते मूळ थ्रीजीपीच जपा. कार्ड जुनं झालं असेल तर आजच दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि सगळंच जिनिंगला घालू नये. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी घ्या. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, त्याभोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य हललं, घागर, पापड, पुरी, करंजी यांचं काय झालं, ते बघून पाऊस-पाण्याचं भाकीत सांगतात. भाकिताला शास्त्राचा आधार नाही हे खरं, पण परंपरा म्हणून तिचं चित्रीकरण मोलाचं आहे. त्याचा नुसता आवाज काढला तर हाती फक्त निकाल लागतो. घटात काय होतं, ज्वारी किती सरकली, हे गेलं. एखादी आजी गोधडी शिवता शिवता टाका समजावून सांगत असेल, तिथेही अर्धं सांगणं बोटांत असतं. तिथे चित्र सरकी नाही.

कायद्याचंही थोडं. बाजारातल्या गाण्यांच्या व्हिडिओतून आवाज काढून वाटणं योग्य नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गावातल्या कीर्तनकारालाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सादरकर्ता' कोण, याची एक झकास यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूससुद्धा तिथे आहे. गारुड्याला जे मिळालं ते कीर्तनकाराला नाकारण्याचं कारण नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. स्वतःला ऐकायला हरकत नाही, पण चॅनेलवर टाकण्याआधी किंवा कार्डं भरून विकण्याआधी, "महाराज, आपलं काल्याचं कीर्तन लोकांना ऐकवू का?" एवढं विचारावं. बहुतेक महाराज आनंदाने हो म्हणतात.

उरलं नाव. फोन फाइलला आकड्यांचं नाव देतो आणि आवाज काढल्यावर तेच आकडे राहतात. चित्र असताना निदान लहानशा झलकीवरून ओळखता यायचं की हा कोणता मंडप. नुसत्या आवाजाला चेहरा नसतो. म्हणून त्याच बैठकीत नावात चार गोष्टी लिहा: गाव, तारीख, कीर्तनकार, आणि निरूपणाला घेतलेल्या अभंगाचे पहिले दोन शब्द. हे काम दोन मिनिटांचं. पाच वर्षांनी तेच करायला बसलात तर दोन तास ऐकूनही गाव आठवणार नाही.

आणि पंधरा जीबी मोकळे करायची कितीही घाई असली, तरी काढलेला आवाज आधी सुरुवातीला, मधे आणि अगदी शेवटी ऐकून बघा. आरतीपर्यंत आला असेल तरच मूळ व्हिडिओ पुसा.